स्फटिक तुटण्याचे मॉडेल: प्रयोगापासून मोठ्या पात्रापर्यंत, टप्प्याटप्प्याने

स्फटिकीकरणाची बॅच संपल्यावर कण-आकारमानाचे एक वितरण हाती येते, आणि वाढ, न्यूक्लिएशन (नवे केंद्रक, म्हणजे स्फटिकांचे सूक्ष्म आरंभकण, तयार होणे) व स्फटिकभंग या तिन्हींचे सगळे गुणांक त्या एकाच वितरणावर एकदम बसवले जातात. आलेख सुरेख जुळतो, पण पुढच्या बॅचला ढवळण्याचा वेग बदलला की तेच मॉडेल तोंडघशी पडते. बारीक कण वाढले ते स्फटिक तुटल्यामुळे, नवे केंद्रक जास्त तयार झाल्यामुळे की वाढ अपुरी राहिल्यामुळे, हे अंतिम वितरण एकटे सांगू शकत नाही. तिन्ही कारणे तसाच आलेख देऊ शकतात. त्यामुळे स्फटिकभंग आधी स्वतंत्रपणे मोजावा, त्याचे गुणांक ठरवून गोठवावेत आणि त्यानंतरच वाढ व न्यूक्लिएशन जोडावे. पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत आणि हा क्रम उलटा केल्यास नंतर कितीही गणित केले तरी ते सावरत नाही.

## टप्पा १: स्फटिक कुठे आणि कसे तुटतात ते आधी पाहा

मॉडेलला हात लावण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली दोन नमुने शेजारी शेजारी ठेवा: एक ढवळण्यापूर्वीचा आणि एक काही तास ढवळलेला. मोठे स्फटिक जवळपास तेवढेच राहून त्यांचे कोपरे व कडा गोल झालेल्या असतील आणि सोबत पुष्कळ बारीक चुरा असेल, तर ती झीज आहे. मोठे स्फटिकच कमी झालेले असतील आणि मधल्या आकारमानाचे, ताज्या सपाट भंगपृष्ठांचे तुकडे दिसत असतील, तर तो खरा भंग आहे. सुईसारखे स्फटिक बहुधा लांबीच्या आडवे मोडतात. त्यांची जाडी बदलत नाही, फक्त लांबी कमी होते. एकाच आकारमानावर चालणारे मॉडेल अशा स्फटिकांचे वर्तन नीट पकडत नाही, त्यांना लांबी आणि जाडी अशी दोन परिमाणे द्यावी लागतात.

गुच्छ फुटणे ही वेगळी बाब आहे. अनेक स्फटिक चिकटून झालेला गुच्छ सुटतो तेव्हा मूळ स्फटिक अखंड राहतात आणि त्यासाठी लागणारी ऊर्जाही बरीच कमी असते. गुच्छ आणि एकेरी स्फटिक यांना एकच भंगदर लावणे ही नेहमी दिसणारी चूक आहे.

तपासणी: नमुना नेमका कुठून घेतला आहे? पात्र, पंप, गाळणी आणि ढवळणी असलेला फिल्टर-ड्रायर या प्रत्येक ठिकाणी स्फटिक तुटू शकतात. वाळलेल्या मालाचे वितरण घेऊन पात्रातल्या भंगाचे गुणांक काढले, तर ड्रायरचा दोष ढवळणीच्या माथी मारला जातो.

## टप्पा २: मोजमाप स्वतःच स्फटिक तोडत नाही याची खात्री करा

लेझर डिफ्रॅक्शनच्या (लेझर किरण कणांवरून कसे विखुरतात त्यावरून आकारमान मोजणाऱ्या) उपकरणात नमुना सुटा करण्यासाठी ओल्या पद्धतीत सोनिकेशन (ध्वनिलहरींनी हलवणे) आणि कोरड्या पद्धतीत हवेचा दाब वापरतात. दोन्ही नाजूक स्फटिक तोडू शकतात. कोरड्या पद्धतीत एकच नमुना क्रमाने वाढत्या दाबाला मोजा. सुरुवातीला गुच्छ सुटतात म्हणून आकारमान घटते, मग काही दाबांपर्यंत ते स्थिर राहते आणि त्यापुढे पुन्हा घटू लागते. मधला स्थिर पट्टा वापरण्याजोगा असतो. तसा पट्टा सापडलाच नाही, तर ओल्या पद्धतीकडे वळा आणि सोनिकेशनच्या कालावधीसाठी हीच कसोटी लावा.

लेझर डिफ्रॅक्शन प्रत्येक कणाला गोल समजते आणि वितरण घनफळावर देते. पॉप्युलेशन बॅलन्सला, म्हणजे प्रत्येक आकारमानाच्या कणांच्या संख्येचा हिशेब ठेवणाऱ्या समीकरणाला, मात्र संख्या लागते. हे रूपांतर दिसते तितके निरुपद्रवी नाही. १०० मायक्रॉनच्या एका कणाच्या घनफळात १० मायक्रॉनचे १,००० कण मावतात आणि १ मायक्रॉनचे १०,००,०००. उपकरणाने १ मायक्रॉनजवळ चुकून थोडेसे घनफळ दाखवले, तरी संख्येच्या वितरणात तेच सर्वांत मोठे शिखर बनते. म्हणून विश्वासार्ह मोजमापाची खालची मर्यादा आधीच ठरवा, तिच्याखालची आकडेवारी गुणांक काढताना वापरू नका, आणि शक्य असेल तिथे मॉडेलच्या निकालाचेच घनफळ-वितरण करून ते मोजमापाशी ताडा. मोजमापाचे संख्येत रूपांतर करण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुरक्षित आहे.

एफबीआरएम (फिरत्या लेझर किरणाने कण मोजणारा) प्रोब पात्रातच बसतो, त्यामुळे नमुना काढताना होणारी मोडतोड टळते. मात्र तो कणांची लांबी मोजत नाही, जीवांची, म्हणजे किरण कणाला जिथे छेदून जातो त्या रेषाखंडांची, लांबी मोजतो. बदल केव्हा सुरू झाला आणि कोणत्या वेगाला तो तीव्र झाला हे जाणण्यासाठी तो उत्तम आहे, पण त्याचे आकडे थेट कणांचे आकारमान म्हणून मॉडेलमध्ये भरू नका.

सावधान: नमुना काढायच्या नळीतला वेग पात्रातल्या प्रवाहापेक्षा फार कमी असेल, तर मोठे स्फटिक मागे राहतात आणि वितरण कृत्रिमरीत्या बारीक दिसते. हा दोष हुबेहूब स्फटिकभंगासारखा भासतो.

## टप्पा ३: वाढ आणि विरघळणे थांबवून फक्त भंगाचे प्रयोग करा

सगळ्या कामाचा पाया हा टप्पा आहे, आणि घाईत नेमका तोच गाळला जातो.

३.१ द्रव निवडा. दोन पर्याय आहेत. पहिला, त्याच पदार्थाचे संपृक्त द्रावण. दुसरा, ज्यात तो पदार्थ विरघळतच नाही असा द्रव. संपृक्त द्रावणात घनता, श्यानता आणि पृष्ठभागाची स्थिती प्रत्यक्ष प्रक्रियेजवळची राहते, पण तापमान काटेकोर सांभाळावे लागते. समजा विद्राव्यता दर अंशाला किलोमागे ५ ग्रॅमने बदलते आणि स्लरीत (द्रव व स्फटिकांच्या मिश्रणात) किलोमागे ५० ग्रॅम घन पदार्थ आहे. तर तापमान १ अंशाने चढताच दहावा हिस्सा विरघळतो, आणि आपण मोजू पाहत असलेला बारीक चुराच त्यात आधी नाहीसा होतो. न विरघळवणाऱ्या द्रवात ही भीती नसते. तिथे श्यानता व घनता मूळ द्रावणाच्या शक्य तितकी जवळ ठेवावी, नाहीतर टक्करींचा जोर बदलतो.

३.२ सुरुवातीचे स्फटिक तयार करा. चाळून एक अरुंद गट घ्या, उदाहरणार्थ २५० ते ३०० मायक्रॉन. चाळताना स्फटिकांना चिकटलेली धूळ निघत नाही. ती न विरघळवणाऱ्या द्रवाने धुऊन काढा. नंतर हा गट मोजा. चाळणीवर लिहिलेला आकडा सुरुवातीची स्थिती म्हणून वापरू नका. सुईसारखे स्फटिक चाळणीतून जाडीप्रमाणे वेगळे होतात, लांबीप्रमाणे नाही. तिथे चाळणीचा आकडा निव्वळ फसवा असतो.

३.३ प्रयोगांची आखणी करा. ढवळण्याचे किमान तीन वेग, घन पदार्थाची तीन प्रमाणे आणि सुरुवातीच्या आकारमानाचे किमान दोन गट घ्या. वेळेनुसार नमुने घेताना सुरुवातीला ते दाट आणि पुढे विरळ ठेवा. प्रत्येक वेगाला सगळे स्फटिक तळावरून उचलले जात आहेत हे डोळ्यांनी पाहा. तळाशी थर साचला असेल, तर ते स्फटिक इम्पेलरपर्यंत (ढवळणीच्या फिरत्या पात्यांपर्यंत) पोहोचतच नाहीत आणि भंगदर कमी भासतो.

घन पदार्थाच्या प्रमाणाचा प्रयोग खर्चिक वाटून वगळला जातो, पण टक्कर कशाची कशाशी होते हे सांगणारा तोच प्रयोग आहे. प्रमाण दुप्पट केल्यावर प्रत्येक स्फटिकामागचा भंगदर तितकाच राहिला, तर इम्पेलर किंवा भिंतीशी होणाऱ्या टक्करी प्रमुख आहेत. तोही दुप्पट झाला, तर स्फटिक एकमेकांवर आपटत आहेत. दुसऱ्या स्थितीत समीकरण संख्येच्या दृष्टीने रेषीय राहत नाही. भंगाचे साधे सूत्र तिथे चालत नाही.

तपासणी: प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी आणि शेवटी एकूण घन पदार्थाचे वस्तुमान मोजा. ते बदलले असेल, तर प्रयोगात विरघळणे किंवा वाढ शिरली आहे आणि तो प्रयोग गुणांकांसाठी बाद आहे.

ताज्या स्फटिकांच्या कडा धारदार असतात, म्हणून पहिल्या काही मिनिटांत चुरा भराभर निघतो आणि कडा गोल झाल्या की वेग मंदावतो. एकच स्थिर भंगदर घेतलेले मॉडेल हा वळसा दाखवू शकत नाही. पुष्कळ जण सुरुवातीचे नमुने विचित्र म्हणून सोडून देतात, पण अतिसंपृक्त द्रावणात वाढ चालू असताना कडा पुन्हा पुन्हा भरून धारदार होत राहतात, आणि मग प्रत्यक्ष बॅचमधला दर या सुरुवातीच्या दराच्या जवळ राहण्याची शक्यता असते. निदान दोन्ही दर वेगवेगळे नोंदवून ठेवा.

## टप्पा ४: भंगदर थेट डेटातून वाचा

भंगाला दोन फलने लागतात. पहिले भंगदराचे: दिलेल्या आकारमानाच्या एका स्फटिकाची एकक वेळेत तुटण्याची शक्यता. दुसरे तुकडेवाटपाचे: तो तुटल्यावर कोणत्या आकारमानाचे किती तुकडे होतात. ही दोन्ही एकाच वेळी शोधायला गेल्यास एकाची चूक दुसरे झाकून टाकते. थोडे स्फटिक तुटले आणि प्रत्येकाचे पुष्कळ तुकडे झाले, किंवा पुष्कळ स्फटिक तुटले आणि प्रत्येकाचे थोडे तुकडे झाले, तरी चुऱ्याचे प्रमाण सारखेच दिसू शकते.

ही गाठ अरुंद गटामुळे सुटते. सर्वांत मोठ्या गटात वरून कोणी येत नाही, त्यातून फक्त बाहेर पडतात. म्हणून त्या गटात उरलेल्या वस्तुमानाचा नैसर्गिक लॉगरिदम वेळेसमोर मांडला की उताराचे मूल्य हाच भंगदर. समजा ३० मिनिटांत त्या गटाचे वस्तुमान १०० वरून ९० वर आले. १०० भागिले ९० चा नैसर्गिक लॉगरिदम सुमारे ०.१०५, त्याला ३० ने भागले की मिनिटाला सुमारे ०.००३५. तुकडेवाटपाबद्दल काहीही गृहीत न धरता हा आकडा मिळतो. वेगवेगळ्या गटांसाठी आणि वेगांसाठी असे आकडे काढले की भंगदर आकारमानाच्या कितव्या घाताने आणि ऊर्जेच्या कितव्या घाताने वाढतो ते सरळ दिसते.

सावधान: झीज होत असेल तर ही युक्ती लागू पडत नाही, कारण स्फटिक न तुटताही हळूहळू गटाच्या खालच्या सीमेपलीकडे सरकतात.

## टप्पा ५: तुकडेवाटप निवडा आणि दोन बेरजा तपासा

दोन तुकडे होतात आणि घनफळाची प्रत्येक विभागणी सारखीच संभाव्य आहे, हे सर्वांत साधे गृहीतक. घनफळ हे चल असेल, तर तुकडेवाटप म्हणजे २ भागिले मूळ घनफळ. लांबी हे चल असेल, तर तेच सूत्र ६ गुणिले तुकड्याच्या लांबीचा वर्ग, भागिले मूळ लांबीचा घन असे होते. सर्रास होणारी चूक अशी की मॉडेल लांबीवर चाललेले असते आणि सूत्र मात्र घनफळाचे उचलून २ भागिले मूळ लांबी असे लिहिले जाते. तुकड्यांची संख्या तेव्हाही बरोबर दोनच येते, त्यामुळे शंका येत नाही. पण घनफळाची बेरीज मूळ घनफळाच्या निम्मीच भरते, म्हणजे प्रत्येक भंगात अर्धा स्फटिक हवेत विरतो.

तपासणी: तुकडेवाटपाची बेरीज तुकड्यांच्या संख्येइतकी आणि तुकड्यांच्या घनफळांची बेरीज मूळ घनफळाइतकी आली पाहिजे. दुसरी बेरीज चुकत असेल तर पुढे जाऊ नका.

झिजेसाठी हे गृहीतक चालणार नाही. तिथे मूळ स्फटिक किंचित लहान होतो आणि सोबत पुष्कळ बारीक तुकडे जन्माला येतात. त्यातली अडचण पुढच्या टप्प्यात येते.

## टप्पा ६: समीकरण संगणकावर सोडवा, पण आधी ज्ञात उत्तरावर पारखा

आकारमानाचे कप्पे समान रुंदीचे न घेता गुणोत्तराने वाढणारे घ्या. प्रत्येक कप्प्याची लांबी आधीच्याच्या १.२६ पट ठेवली, तर घनफळ दर कप्प्याला दुप्पट होते आणि १ ते १,००० मायक्रॉनचा पल्ला ३० कप्प्यांत बसतो. मग गुणोत्तर १.०८ करून ९० कप्प्यांवर तेच गणित चालवा. निकाल लक्षणीय बदलला, तर ३० कप्पे अपुरे होते.

तुकडे कप्प्यांच्या मध्यबिंदूंवर नेमके पडत नाहीत, म्हणून त्यांना शेजारच्या दोन कप्प्यांत अशा रीतीने वाटावे लागते की संख्या आणि वस्तुमान दोन्ही जपले जातील. कुमार आणि रामकृष्ण यांनी १९९६ मध्ये मांडलेली फिक्स्ड पिव्हट पद्धत हेच करते आणि बहुतेक कामांना ती पुरते. मोमेंटच्या पद्धती (पूर्ण वितरणाऐवजी त्याच्या काही बेरजांचाच हिशेब ठेवणाऱ्या) झटपट चालतात, पण त्या सरासऱ्या देतात, वितरण देत नाहीत. ग्राहकाची अट डी१० आणि डी९० वर (ज्या आकारमानांखाली घनफळाचा अनुक्रमे १० आणि ९० टक्के हिस्सा येतो) असेल, तर त्यांच्यावर विसंबू नका.

झिजेची अडचण अशी: स्फटिकाचे ५ टक्के घनफळ झिजले तर त्याची लांबी फक्त सुमारे १.७ टक्क्यांनी घटते. कप्प्याची रुंदी २६ टक्के असताना एवढा बदल कप्प्याला कळतच नाही, किंवा कप्प्यांमध्ये वाटताना वितरण कृत्रिमरीत्या पसरते. म्हणून मोठ्या स्फटिकाची झीज ऋण वाढदर म्हणून लिहा, आणि झिजून गेलेले घनफळ बारीक कप्प्यांत जन्म म्हणून तितकेच परत द्या.

प्रोग्राम पारखण्यासाठी एक सोयीचे उदाहरण आहे. भंगदर घनफळाच्या सम प्रमाणात, दोन तुकड्यांचे समान-संभाव्य वाटप आणि सुरुवातीचे वितरण घनफळात घातांकी असे घेतले, तर अचूक उत्तर ज्ञात आहे: वितरण कायम घातांकी राहते, एकूण घनफळ स्थिर राहते आणि कणांची संख्या वेळेबरोबर सरळ रेषेत वाढते. तुमच्या प्रोग्रामची रेषा वाकली, तर प्रयोगाच्या डेटाकडे जाण्याची वेळ अजून आलेली नाही.

## टप्पा ७: गुणांक बसवा

सगळे वेग, सगळी प्रमाणे आणि सगळ्या वेळा एकत्र घेऊन एकच गुणांकसंच काढा. प्रत्येक वेगासाठी वेगळा संच काढलात, तर ते मॉडेल राहत नाही, नुसती आकड्यांची यादी होते. आकारमान एखाद्या संदर्भ-आकारमानाने, समजा २०० मायक्रॉनने, भागून घ्या आणि ऊर्जेलाही तसेच करा. असे केले नाही, तर गुणक आणि घातांक एकमेकांत इतके गुंतलेले राहतात की एक वाढवून दुसरा घटवला तरी आलेख हलत नाही. टप्पा ४ मधले थेट वाचलेले भंगदर आरंभबिंदू म्हणून द्या. अंतिम उत्तर त्यांच्यापासून फार लांब गेले, तर तुकडेवाटप चुकले आहे असे समजा.

निव्वळ डी५० वर गुणांक बसवू नका, कारण झीज चालू असतानाही घनफळाचा डी५० बराच काळ जवळजवळ हलत नाही.

## टप्पा ८: आता वाढ आणि न्यूक्लिएशन जोडा

भंगाचे गुणांक गोठवून अतिसंपृक्ततेचे प्रयोग घ्या. सर्वांत जास्त घोळ होतो तो दुहेरी मोजणीचा. दुय्यम न्यूक्लिएशनच्या प्रचलित सूत्रात ढवळण्याचा वेग आणि स्लरीची घनता असतेच, कारण ते केंद्रक मुख्यतः स्फटिकांवरून टक्करींमुळे सुटलेले सूक्ष्म तुकडेच असतात. तेच तुकडे भंगाच्या पदातही जन्माला घातले, तर एकच तुकडा दोनदा मोजला जातो. म्हणून सीमा ठरवा: विश्वासार्ह मोजमापाच्या मर्यादेखालचे तुकडे न्यूक्लिएशनच्या खात्यात आणि त्यावरचे भंगाच्या खात्यात.

सुटलेला प्रत्येक तुकडा वाढतो असेही धरू नका. फार बारीक तुकडे कमी अतिसंपृक्ततेत विरघळून जातात आणि आतून ताणलेले तुकडे अखंड स्फटिकांपेक्षा हळू वाढतात. उलट दिशेलाही एक दुवा आहे: भंगाने वस्तुमान बदलत नाही, पण पृष्ठफळ वाढते. त्यामुळे द्रावणातला पदार्थ जलद ओढला जातो, अतिसंपृक्तता घटते आणि न्यूक्लिएशन दबते. जुने अतिसंपृक्ततेचे आलेख बाहेरून आणून मॉडेलला खिळवले, तर हा परिणाम हरवतो. विद्राव्याचे संतुलन मॉडेलच्या आतच सोडवले पाहिजे.

तपासणी: वाढ आणि न्यूक्लिएशन शून्य करून मॉडेल चालवा, टप्पा ३ मधले प्रयोग जसेच्या तसे परत मिळाले पाहिजेत.

## टप्पा ९: मोठ्या पात्रात नेताना कोणती राशी स्थिर ठेवता ते ठरवा

प्रयोगशाळेतले पात्र १ लिटरचे, इम्पेलरचा व्यास ५ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला ४८० फेरे असे धरू. पात्याच्या टोकाचा वेग येतो सेकंदाला १.२६ मीटर. भूमिती तशीच ठेवून सर्व लांब्या २० पट केल्या, तर पात्र ८,००० लिटरचे आणि इम्पेलर १ मीटरचा होतो. दर किलोमागची शक्ती तीच ठेवायची तर मिनिटाला सुमारे ६५ फेरे लागतात आणि टोकाचा वेग ३.४ मीटरवर जातो. टोकाचा वेग तोच ठेवायचा तर मिनिटाला २४ फेरे येतात, दर किलोमागची शक्ती विसाव्या हिश्शावर उतरते आणि स्फटिक तळाशी बसू लागण्याचा धोका उभा राहतो.

शक्ती स्थिर ठेवण्याच्या पर्यायात स्फटिक इम्पेलरजवळून जाण्याची वारंवारता सुमारे ७.४ पटींनी घटते, तर टोकाच्या वेगाच्या वर्गाशी निगडित असलेली टक्करीची ऊर्जा साधारण तितक्याच पटींनी वाढते. स्फटिकाला तुटण्यासाठी किमान ऊर्जेचा उंबरठा नसेल आणि भंग ऊर्जेच्या सम प्रमाणात असेल, तर दोन्ही परिणाम एकमेकांना काटतात. पण उंबरठा असेल आणि प्रयोगशाळेत तो ओलांडलाच जात नसेल, तर तिथे न दिसलेला भंग मोठ्या पात्रात एकाएकी उगवतो. केवळ सरासरी शक्तीवर बांधलेल्या घातसूत्राला हे कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून टप्पा ३ मधल्या वेगांपैकी निदान एक वेग असा निवडा की त्याचा टोकाचा वेग मोठ्या पात्रातल्या वेगाइतका असेल, मग लहान पात्रात ते ढवळणे कितीही आडदांड वाटो. वरच्या उदाहरणात त्यासाठी मिनिटाला सुमारे १,३०० फेरे लागतील. तेवढ्या वेगाला द्रवात हवा ओढली जाऊ नये म्हणून पात्र भरून, झाकून आणि बॅफल (भोवरा रोखणाऱ्या उभ्या पट्ट्या) लावून घ्या.

मोठ्या पात्रातल्या पहिल्या बॅचचे भाकीत बॅच सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवा आणि नंतर डी१०, डी५०, डी९० वेगवेगळे ताडा. डी९० जुळून डी१० बराच खाली आला, तर झिजेचा चुरा किंवा न्यूक्लिएशनची सीमा पुन्हा तपासा. डी१० जुळून डी९० खाली आला, तर उंबरठा ओलांडला गेल्याची शक्यता पहिली, आणि त्यानंतर पात्रापुढचा पंप. पंपाच्या आधीचा व नंतरचा नमुना एकाच वेळी घेतला की या दोन शक्यतांचा निवाडा त्याच दिवशी होतो.